जुन्या चॅम्पमधून हक्काचा ओव्हरड्राइव्ह

जुना व्हॉल्व्हचा गिटार ॲम्प हाती आला की गिटारवाल्याची तक्रार ठरलेली असते. आवाज गोड आहे, पण फाटत नाही. आणि फाटायला लागतो तेव्हा व्हॉल्यूम नऊवर असतो आणि शेजारी दारात. मग सल्ले सुरू होतात: आणखी एक व्हॉल्व्ह घाल, मोठा ट्रान्सफॉर्मर टाक, चेसीला दोन भोकं पाडून मास्टर व्हॉल्यूम बसव. हे सगळं करण्याआधी एक गोष्ट समजून घेतलेली बरी. बहुतेक जुन्या ॲम्पमध्ये गेनची टंचाई नसते. गेन तयार होतो आणि आतल्या आत गळून जातो. ही गळती थांबवली तर दोन-तीन स्वस्त सुट्या भागांत, एकही नवं भोक न पाडता आणि हवं तेव्हा मूळपदावर आणता येईल अशा रीतीने भरपूर ओव्हरड्राइव्ह मिळतो.

उदाहरणासाठी फेंडर चॅम्प घेऊ. १९६४ नंतरच्या काळ्या आणि १९६८ नंतरच्या चंदेरी पट्टीच्या चॅम्पमध्ये जे सर्किट आहे त्याचं नाव एए७६४. शेवटचे तीन आकडे म्हणजे सातवा महिना, १९६४ साल. शिकाऊ मुलांसाठी काढलेला हा पाच-सहा वॉटचा, आठ इंची स्पीकरचा डबा आहे. आत व्हॉल्व्ह तीनच: प्रीॲम्पला १२एएक्स७, आउटपुटला ६व्ही६जीटी आणि रेक्टिफायरला ५वाय३जीटी. सर्किट इतकं सुटसुटीत आहे की जुन्या ॲम्पमध्ये हात घालायला शिकायचं तर यापासून सुरुवात करावी. इथे शिकलेलं पुढे प्रिन्स्टन किंवा डिलक्स रिव्हर्बलाही लागू पडतं.

गळती कुठे आहे?

गळतीचा पुरावा फेंडरनेच ठेवला आहे. पन्नाशीच्या दशकातला कापडी आवरणाचा चॅम्प, म्हणजे ५एफ१ सर्किट, हेच तीन व्हॉल्व्ह वापरतो. तरी व्हॉल्यूम अर्ध्यावर जायच्या आत त्याचा आवाज फाटायला लागतो. दोन्हींत मुख्य फरक एकच आहे. ५एफ१ला फक्त व्हॉल्यूमचं बटण आहे. एए७६४मध्ये १२एएक्स७च्या दोन अर्ध्यांच्या मध्ये ट्रेबल आणि बासचं टोन सर्किट आलं.

१२एएक्स७चा पहिला अर्धा भाग सिग्नल पन्नास-साठ पट वाढवतो. तो सिग्नल टोन सर्किटमधून जातो तेव्हा, दोन्ही बटणं मधोमध असताना, मधल्या स्वरांच्या पट्ट्यात त्याचा पाचवा ते दहावा हिस्साच पलीकडे पोहोचतो. उरलेला जमिनीत जातो. त्यातही सर्वांत जास्त कापले जातात ते मधले स्वर, आणि गिटारचा ओव्हरड्राइव्ह जाडजूड वाटतो तो नेमका त्याच स्वरांमुळे. म्हणून चॅम्पचा स्वच्छ आवाज लखलखीत असला, तरी फाटताना तो चिरका आणि पोकळ वाटतो.

दुसरी गळती शेवटी आहे. स्पीकरच्या तारेवरून थोडा सिग्नल उलटा फिरवून प्रीॲम्पच्या दुसऱ्या अर्ध्या भागाला परत दिलेला असतो. हा निगेटिव्ह फीडबॅक आवाज साफ ठेवतो, पण त्यासाठी गेन खातो. स्वच्छ आवाज हेच तेव्हाचं ध्येय होतं, त्यामुळे यात फेंडरची चूक काही नाही. आपलं ध्येय वेगळं आहे, एवढंच.

खटपट ही या वाद्याच्या रक्तातच आहे. १९६२मध्ये लंडनला जिम मार्शलच्या दुकानासाठी केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी फेंडर बासमनचं सर्किट समोर ठेवून जेटीएम४५ बांधला. १९६४मध्ये किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने छोट्या ॲम्पच्या स्पीकरचा कागद ब्लेडने कापून ‘यू रिअली गॉट मी’चा आवाज काढला. साठीच्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियात रँडल स्मिथने छोट्या फेंडर प्रिन्स्टनमध्ये बासमनचे ट्रान्सफॉर्मर आणि बारा इंची स्पीकर कोंबला आणि त्यातून मेसा बूगीचा जन्म झाला. पण तेव्हा प्रिन्स्टन हा दुकानात मिळणारा साधा माल होता. आज साठ वर्षांच्या चॅम्पची तशी कापाकापी करण्यात शहाणपण नाही.

हातातला ॲम्प आधी ओळखा

चेसी उघडली की बटणांमागच्या पॉटच्या पाठीवर सहा-सात आकडे कोरलेले दिसतात. १३७ने सुरू होणारा आकडा सीटीएस कंपनीचा, ३०४ने सुरू होणारा स्टॅकपोलचा. पुढचे आकडे साल आणि आठवडा सांगतात. १३७७०१२ म्हणजे सीटीएस, १९७०चा बारावा आठवडा. त्यामुळे ॲम्प त्या तारखेच्या आधीचा नाही एवढं नक्की कळतं.

सगळे भाग मूळचे असतील, कुणी डाग सोडवल्याची खूण नसेल, तर पुढचा प्रत्येक बदल उलटा फिरवता येईल असाच करा. हातात कापडी ५एफ१ असेल तर हा लेख इथेच मिटा; त्या ॲम्पला जे हवं ते त्याच्यात आहे. उलट, आधीच कुणी तरी पॉट बदललेले, स्पीकर नवा, चेसीला भोक पडलेलं, असा चॅम्प स्वस्तात मिळाला तर शिकण्यासाठी त्याच्यासारखा ॲम्प नाही.

काही काढण्याआधी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो घ्या. काढलेला प्रत्येक भाग छोट्या पिशवीत घालून, तो कुठून काढला ते चिठ्ठीवर लिहून, पिशवी ॲम्पच्या तळाशीच ठेवा. विकताना हीच पिशवी किंमत राखते.

वीज: अमेरिकेतली आणि आपली

अमेरिकेहून नातेवाइकांनी आणलेला किंवा सेकंड हँड घेतलेला चॅम्प बहुधा ११७ व्होल्ट, ६० हर्ट्झचा असतो. मागच्या पट्टीवर तसं छापलेलं असतं. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. बाजारातला स्टेप-डाउन व्होल्टेज कमी करून देतो, फ्रीक्वेन्सी बदलत नाही. ६० हर्ट्झसाठी बनवलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यावर तेवढ्याच व्होल्टेजला ५० हर्ट्झवर वीस टक्के जास्त ताण येतो आणि तो तापतो. स्टेप-डाउनवरच चालवायचा असेल तर तो किमान १०० व्हीएचा घ्या, ११० व्होल्टचा आउटपुट वापरा आणि तासाभरानंतर ट्रान्सफॉर्मरवर हात ठेवून पाहा. हात टिकत नसेल किंवा वार्निशचा वास येत असेल तर थांबा.

कायमचा उपाय म्हणजे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या प्रायमरीचा नवा पॉवर ट्रान्सफॉर्मर बसवणं आणि जुना जपून ठेवणं. अशा वेळी फ्यूजही बदला: ११७ व्होल्टला १ ॲम्पिअरचा असेल तर २३०ला अर्ध्या ॲम्पिअरचा, स्लो-ब्लो.

दोन पिनांची जुनी केबल काढून तीन पिनांची लावा आणि हिरवी तार चेसीला स्वतंत्र नट-बोल्टने घट्ट आवळा. इथे रंगांचा घोळ जिवावर बेतू शकतो. अमेरिकी केबलमध्ये काळी तार फेजची आणि पांढरी न्यूट्रलची असते. आपल्या जुन्या वायरिंगमध्ये लाल फेज आणि काळी न्यूट्रल. नव्या केबलमध्ये तपकिरी फेज, निळी न्यूट्रल. तेव्हा रंगावर विसंबू नका, मीटर लावून खात्री करा. फ्यूज आणि स्विच दोन्ही फेजच्या तारेवरच हवेत. फेजपासून किंवा न्यूट्रलपासून चेसीला जोडलेला छोटा कंडेन्सर अनेक जुन्या अमेरिकी ॲम्पमध्ये असतो. तो शॉर्ट झाला तर गिटारच्या तारांवर मेन्सची वीज येते. तो काढूनच टाका. आणि घरातलं अर्थिंग खरोखर चालू आहे का, हेही वायरमनकडून तपासून घ्या.

आत साडेतीनशे व्होल्ट

चॅम्पच्या आत ३५० व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही फिल्टर कंडेन्सरमध्ये तो टिकून राहू शकतो. म्हणून दर वेळी हाच क्रम पाळा. प्लग भिंतीतून पूर्ण काढा. १० किलोओहम, ५ वॉटच्या रेझिस्टरला दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकच्या मुठीचे चिमटे लावून ठेवा. एक चिमटा आधी चेसीला, मग दुसरा फिल्टर कंडेन्सरच्या पॉझिटिव्ह टोकाला, एका हाताने. दुसरा हात पाठीमागे. दहा-पंधरा सेकंद थांबा आणि मीटर १००० व्होल्ट डीसीवर ठेवून मोजा. चॅम्पमध्ये एकाच डब्यात फिल्टरचे अनेक भाग असतात. प्रत्येक टोक मोजा. दोन-तीन व्होल्टच्या खाली आल्याशिवाय बोट आत जाऊ देऊ नका. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडण्याची सवय असेल तर सोडा. त्यात कंडेन्सरही मरतो.

चालू ॲम्पमध्ये मोजमाप करण्याची सवय नसेल, तर पुढचं सगळं वाचा, समजून घ्या आणि काम जुन्या रेडिओ-ॲम्प्लिफायरच्या जाणत्या कारागिराकडून तुमच्यासमोर करून घ्या. त्यात कमीपणा नाही.

आधी दुरुस्ती, मग सुधारणा

आजारी ॲम्पचा गेन वाढवला की आजारही वाढतो. घरघर असेल तर फिल्टर कंडेन्सर गेले आहेत असं समजा. पन्नास वर्षांनी ते बदलावेच लागतात. जितक्या मायक्रोफॅरडचे आहेत तितक्याचेच घाला, व्होल्टेज ४५० किंवा ५००चं. ‘जास्त घातले की बरं’ हा हिशेब इथे चालत नाही: ५वाय३जीटीच्या लगेच पुढचा कंडेन्सर २० मायक्रोफॅरडवरून फार वाढवला तर रेक्टिफायर व्हॉल्व्हवर ताण येतो. ६व्ही६च्या कॅथोडवरचा २५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सरही बदला. सिग्नलच्या वाटेवरचे निळे किंवा तपकिरी कंडेन्सर मात्र चांगले असतील तर हात लावू नका. जुना, वर्षानुवर्षं पडून राहिलेला इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर दुकानदार ‘नवा’ म्हणून देत असेल तर घेऊ नका. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास रेझिस्टर, पॉट, तारा सहज मिळतात. जास्त व्होल्टेजचे दोन्ही टोकांना पाय असलेले कंडेन्सर शोधावे लागतात. उभ्या पायांचे मिळाले तर तेही चालतात, फक्त हलणार नाहीत असे बांधा.

मुंबई-कोकणच्या दमट हवेत आणखी एक दुखणं येतं. फेंडरचे भाग काळ्या फायबरच्या पट्टीवर डाग देऊन बसवलेले असतात. ही पट्टी ओलावा धरते आणि थोडी वीज वाहू लागते. मग ॲम्प विनाकारण खरखरतो. ॲम्प चालू असताना मीटरचं काळं टोक चेसीला आणि लाल टोक पट्टीच्या कोऱ्या भागावर ठेवा. तिथे शून्य हवं. काही व्होल्ट दिसत असतील तर प्लग काढून, कंडेन्सर रिकामे करून, हेअर ड्रायरच्या मध्यम उष्णतेने पट्टी सावकाश वाळवा.

आता ६व्ही६ किती राबतो आहे ते पाहा. त्याच्या आठव्या पायावर, म्हणजे कॅथोडवर, ४७० ओहमचा रेझिस्टर आहे. तिथे १९ व्होल्ट मिळाले तर करंट सुमारे ४० मिलिॲम्पिअर. तिसऱ्या पायावर, म्हणजे प्लेटवर, चेसीपासून ३४० व्होल्ट असतील तर ३४० वजा १९, गुणिले ०.०४०, म्हणजे जवळपास १३ वॉट. यात स्क्रीनचाही थोडा करंट धरला आहे, तेव्हा प्लेटचा खरा आकडा किंचित कमी. जुन्या ६व्ही६जीटीची मर्यादा १२ वॉट आणि नंतरच्या ६व्ही६जीटीएची १४. आकडा याच्या वर जात असेल तर ४७०च्या जागी ५६० किंवा ६८० ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर घाला. आवाजात फरक जाणवत नाही, व्हॉल्व्हचं आयुष्य वाढतं.

कावीया न तापवता

चेसी बंद ठेवूनही काही करता येतं, आणि ते आधी करून पाहावं. गिटार एक नंबरच्या जॅकमध्येच लावा. दोन नंबरच्या जॅकला सिग्नल निम्मा होतो. दहा-पंधरा डेसिबलचा स्वच्छ बूस्ट पेडल समोर लावला तर प्रीॲम्प आणि आउटपुट दोन्ही व्हॉल्व्ह लवकर भरतात. व्हॉल्व्ह बदलून गेन वाढेल ही आशा मात्र सोडा. १२एएक्स७चा गुणक १००चा आहे आणि त्या जागी बसणाऱ्या नेहमीच्या व्हॉल्व्हमध्ये तोच सर्वांत वरचा. १२एटी७चा ६०, १२एयू७चा २०च्या आसपास. दुसरा घातला तर गेन कमीच होईल.

खरा फरक स्पीकरने पडतो. आठ इंची मूळ स्पीकर ओव्हरड्राइव्हमध्ये लवकर बसका होतो. हाच चॅम्प ४ ओहमच्या दहा किंवा बारा इंची स्पीकरला जोडून ऐका. अनेकांचं समाधान इथेच होतं. एक पथ्य: स्पीकर न जोडता ॲम्प कधीही चालू करायचा नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो.

पहिला बदल: मधले स्वर परत मिळवा

बास पॉटच्या खालून जमिनीकडे जाणारा १५ किलोओहमचा रेझिस्टर शोधा. मिडल कंट्रोल नसलेल्या फेंडरमध्ये मधले स्वर किती ठेवायचे हे हाच रेझिस्टर ठरवतो. त्याची किंमत वाढवली की जमिनीत जाणारा सिग्नल अडतो आणि तोच पुढच्या व्हॉल्व्हला धडकतो. आधी चाचणी म्हणून १५च्या जागी ४७ किलोओहम घालून ऐका. आवाज पुढे येतो, अंगाला येतो, आणि व्हॉल्यूम पाचवरच फाटायला लागतो.

हे आवडलं तर कायमची सोय करा. मूळ १५ किलोओहमच्या पाठोपाठ, त्याच वाटेवर, २५० किलोओहमचा लॉग पॉट घाला. पॉट शून्यावर असताना ॲम्प अगदी मूळचा. फिरवत नेलात की मधले स्वर वाढत जातात आणि शेवटच्या टोकाला टोन सर्किट जवळपास बाजूलाच होतं. तिथे ट्रेबल-बासच्या बटणांचा परिणामही फारसा उरत नाही. ओव्हरड्राइव्हमध्ये सर्वांत जास्त भर याच बदलाने पडते.

पॉट बसवायचा कुठे? दोन नंबरच्या जॅकच्या भोकात. तो जॅक क्वचितच वापरला जातो. तो काढला की पहिल्या जॅकच्या वाटेत ६८ किलोओहमचा एकच रेझिस्टर उरतो, आणि तेवढा पुरतो. पहिल्या जॅकवरचा १ मेगओहम जागेवर आहे ना, आणि गिटार काढल्यावर जॅकची पत्ती सिग्नल जमिनीला टेकवते ना, हे तपासा. जॅक, नट, वॉशर पिशवीत.

दुसरा बदल: फीडबॅक तोडा, पण स्विचने

स्पीकरच्या जॅकपासून प्रीॲम्पकडे एक तार येते. तिच्या वाटेत २.७ किलोओहमचा रेझिस्टर आहे आणि ती दुसऱ्या ट्रायोडच्या, म्हणजे १२एएक्स७च्या दुसऱ्या अर्ध्या भागाच्या, कॅथोडखाली ४७ ओहमच्या रेझिस्टरला मिळते. २.७चं एक टोक उचललं की फीडबॅक गेला. ४७ ओहम तसाच राहू द्या. गेन आणखी वाढतो; त्याहून महत्त्वाचं म्हणजे फाटण्याचा बाज बदलतो. फीडबॅक असताना ॲम्प बराच वेळ साफ राहतो आणि मग एकदम फाटतो. नसताना तो हळूहळू, बोटाच्या जोरानुसार फाटतो. बदल्यात बास सैल होतो आणि पार्श्वभूमीची घरघर थोडी वाढते.

म्हणून ही तार स्विचवर घ्या. पहिल्या बदलात लावलेला पॉटच ओढून चालणाऱ्या स्विचचा घेतला तर दोन्ही कामं एका भोकात होतात: पॉट दाबलेला असेल तर फीडबॅक चालू, ओढला की बंद. मधला मार्ग हवा असेल तर २.७च्या जागी १० किलोओहम लावून बघा. पूर्वी कुणी आउटपुट ट्रान्सफॉर्मर बदलला असेल आणि फीडबॅक जोडताच ॲम्प शिट्टी मारत असेल, तर ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीच्या दोन तारांची अदलाबदल करा; फीडबॅक उलट्या फेजमध्ये आलेला असतो.

तिसरा बदल: बास आवरा

पहिले दोन बदल केल्यावर एक नवी अडचण जाणवते. जाड तारांवर पॉवर कॉर्ड वाजवली की आवाज गिळगिळीत होतो, शब्द फुटत नाहीत. कारण सरळ आहे: ओव्हरड्राइव्हमध्ये बास सर्वांत आधी व्हॉल्व्ह भरून टाकतो आणि बाकीच्या स्वरांना जागा राहत नाही. ओव्हरड्राइव्हचा ॲम्प बास आधी छाटतो आणि मग गेन वाढवतो. मार्शलने पुढे हेच केलं.

चॅम्पच्या पहिल्या ट्रायोडच्या कॅथोडवर, म्हणजे १२एएक्स७च्या तिसऱ्या किंवा आठव्या पायावर (ॲम्पमध्ये तार कुठे जाते ते पाहून ठरवा), १.५ किलोओहमच्या जोडीला २५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आहे. तो असल्यामुळे गिटारच्या प्रत्येक स्वराला पूर्ण गेन मिळतो. अगदी खालच्या, ८२ हर्ट्झच्या ई तारेलाही. त्याऐवजी २.२ मायक्रोफॅरड लावला तर सुमारे ९० हर्ट्झच्या खाली गेन उतरू लागतो. १ मायक्रोफॅरडला सुमारे २००च्या खाली आणि ०.६८ला सुमारे ३००च्या खाली. सिंगल कॉइल गिटारला २.२ किंवा १ बरा वाटतो. हंबकरला १ किंवा ०.६८. यापैकी कोणता, हे कागदावर ठरत नाही; तीनही आणा, आळीपाळीने लावा आणि तुमच्या गिटारवर ऐका. दुसऱ्या ट्रायोडचा २५ मायक्रोफॅरड तसाच राहू द्या, नाहीतर आवाज पातळ होईल.

वाढलेल्या गेनची किंमत

गेन वाढला की ॲम्प शिट्टी मारण्याची, रेडिओ पकडण्याची शक्यता वाढते. पहिल्या जॅकपासून व्हॉल्व्हच्या ग्रिडपर्यंतची तार शील्ड असलेली घ्या आणि शील्ड एकाच टोकाला जमिनीला जोडा. ६व्ही६च्या पाचव्या पायावर, सॉकेटला चिकटून, १.५ किलोओहमचा रेझिस्टर नसेल तर घाला. ॲम्प चालू असताना लाकडी काडीने तारा हलक्या सरकवत ऐका. कोणती तार कुणाच्या जवळ आली की घरघर वाढते ते कळतं. काडी लाकडाचीच, कोरडी, आणि दुसरा हात पाठीमागे.

काय करू नये

६व्ही६च्या जागी ६एल६ लावू नका. पाय जुळतात म्हणून तो बसतो, पण ६व्ही६च्या फिलामेंटला ०.४५ ॲम्पिअर लागतो, ६एल६ला ०.९ आणि ईएल३४ला १.५. चॅम्पचा छोटा ट्रान्सफॉर्मर त्यासाठी नाही. ५वाय३च्या जागी डायोड लावून व्होल्टेज वाढवू नका. आधीच मर्यादेवर चाललेला ६व्ही६ लाल होईल. मास्टर व्हॉल्यूमच्या मागे लागू नका. चॅम्पचा खरा गोडवा ६व्ही६ फाटताना आहे आणि मास्टर व्हॉल्यूम नेमकं तेच अडवतो. आवाज कमी करायचा असेल तर ४ ओहमचा ॲटेन्युएटर ॲम्प आणि स्पीकरच्या मध्ये लावा. पाच वॉटचा चॅम्पही बंद खोलीत ढोलाइतका वाजतो.

पहिल्यांदा चालू करताना

कोणताही बदल करून पहिल्यांदा ॲम्प लावताना जुन्या वायरमनची सिरीज लॅम्पची युक्ती वापरा. फेजच्या तारेत ६० किंवा १०० वॉटचा तंतूचा बल्ब येईल असा बोर्ड करा. एलईडी बल्ब इथे निरुपयोगी. सगळं ठीक असेल तर बल्ब क्षणभर पेटून मंद होतो. तो प्रखरच राहिला तर आत शॉर्ट आहे. प्लग काढा, कंडेन्सर रिकामे करा, शोधा. बल्ब मंद झाला की तो वगळून ॲम्प थेट लावा आणि व्होल्टेज पुन्हा मोजून कागदावर लिहून ठेवा.

सगळे बदल एका बैठकीत करू नका. पहिला बदल करा, आठवडाभर वाजवा, तुमच्या बँडबरोबर वाजवा, आणि कमतरता राहिली तरच दुसऱ्याकडे वळा. बऱ्याच जणांना मधल्या स्वरांचा पॉट आणि चांगला दहा इंची स्पीकर एवढंच पुरतं. तसं झालं तर कावीया गुंडाळून ठेवा आणि उरलेला वेळ गिटारला द्या.